निस्तं बघून

...मधी तर लोक मला डोळ्याचा डॉक्टर सुचवायले होते! एकदा अफजलपूरच्या बाजारात एक जण म्हणला, मल्लण्णा, सोलापुरात चांगला डॉक्टर हाय, मोतीबिंदू एका दिवसात काढतो. दुसरा म्हणला, गाजर खा. गाजर! तुम्हाला सांगतो, एकतीस वर्षं झाली मला बैलबाजारात दलाली करून, करजगीपासून आळंदपर्यंत कुणाला जोडी घ्यायची असली की आधी मला बोलवणार, 'नोडी हेळ्री मल्लण्णा', म्हणजे निस्तं बघा अन् सांगा. अन् मी सांगायचो. दात बघायला तोंड उघडायचं काम न्हाई, चार पावलं चालवलं की बास... हा मारका, हा गरीब, हा औताला जुंपला की खाली बसतोय, ह्याची शिंगं काल तासून आज तेल लावलंय. तंतोतंत! मी निस्तं बघून सांगतो.

अन् माणसाचं काय येगळं असतंय? असं वाटायचं हो मला. तिथंच घोटाळा झाला.

झालं काय, माझी बहीण सावित्रम्मा, तिची लेक शिवलीला. पोरगी शिकलेली अन् तोंडानं फटकळ. तिला स्थळ आलं. पोरगा राजशेखर, कडगंचीला विद्यापीठाच्या लायब्ररीत नोकरीला, आपल्यातलाच, घरदार चांगलं. पण आमच्याकडं मामानं होकार दिल्याबिगर पोरीचं लग्न ठरत न्हाई. बहीण म्हणली, अण्णा, तू एकदा बघून ये. बघून ये! मला दुसरं काय येतंय?

निघालो. गाडी चालवायला आमचा रेवणसिद्ध. माझा एकुलता एक लेक, बत्तीस वर्षांचा. काय सांगू तुम्हाला, मिशी अशी, छाती अशी, तालमीतलं अंग, ज्वारीचं पोतं एका दमात ट्रॅक्टरवर टाकतंय. त्याच्या बाजूला त्याचा दोस्त व्यंकट, अफजलपूरला ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज हाय त्याचं. व्यंकट बी तसाच, हाताला ऑइल, गालावर दाढी, दणकट गडी. मी मागं एकटा, पाय पसरून.

दार राजशेखरनं उघडलं, अन् मी बघायला लागलो. कानात बारीक बाळी. अंगात गुलाबी कुडता. गुलाबी! नखं स्वच्छ, केसाला भांग असा की रेघ मारावी. खिडकीत फुलांच्या कुंड्या. आवाज इतका मऊ की, 'बसा मामा, बसा ना', मला वाटलं पाहुण्यायला बोलायलाय का तान्ह्या लेकराला निजवायलाय? चहा त्यानं स्वतः केला, इलायची कुटून. अन् आईचा विषय निघाला तर, तुम्हाला सांगतो, डोळ्याला पाणी आलं त्याच्या. बाप्या माणसाच्या! पाच मिनिटं लागली न्हाईत मला.

परतीला गाडीत निकाल दिला. म्हणलं, हे पोरगं तसलं हाय. ते मोबाईलात म्हणतेत ना, गे, बाईत मन नसतंय ते. आपल्या पोरीचं वाटोळं होईल. अन् तेवढ्यावर थांबलो का? न्हाई. हसत हसत बोलत बसलो. असल्याला घरात ठिवून कसं घेतेत, त्याच्या बापाला दिसत न्हाई का, माझ्या घरात असतं तर पहिल्याच दिवशी वळखलो असतो, मी निस्तं बघून सांगतो... व्यंकट खिडकीतून बाहेर बघायला, रेवणसिद्ध समोर बघायला. मला वाटलं रस्ता खराब हाय म्हणून गप हायत.

बहिणीच्या घरी सांगितलं तर रडारड. शिवलीला तेवढी रडली न्हाई. समोर येऊन उभी राहिली अन् म्हणली, "मामा, तुम्ही त्याला इचारलं का?" म्हणलं, इचारायचं काय त्यात, दिसतंय की. तर म्हणती, "दोन वर्षं झाली मी त्याच्याशी बोलायले. मला जे म्हाईत हाय ते तुम्हाला पाच मिनिटांत कसं दिसलं?" फटकळ म्हणलो न्हाई का मी. पण बहिणीनं माझं ऐकलं. एकतीस वर्षांचं नाव हाय, पोरीच्या बोलण्यानं जातंय व्हय? स्थळ मोडलं.

आता खरी गंमत ऐका. म्हणजे मला तवा गंमत वाटली. आमच्या भागात बहिणीच्या पोरीवर मामाच्या पोराचा पहिला हक्क. मी म्हणलं, सावित्रम्मा, रडतीस कामून? माझा रेवणसिद्ध हाय की! बघ जरा त्याच्याकडं. बघून कळतंय का न्हाई, ह्याला म्हणतेत गडी. सगळ्यायनं रेवणसिद्धकडं बघितलं. ते लेकरू उठून बाहेर गेलं. मी म्हणलं, लाजलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गोठ्यात कडबा टाकायलो, तर आला. खांद्यावरचा टॉवेल काढला अन् माझ्या हातावर टाकला. आता तुम्हाला ठावं हाय का न्हाई, बैलाच्या बाजारात भाव तोंडानं बोलत न्हाईत. टॉवेलाखाली हात घालायचा, समोरच्याची बोटं दाबायची, जे चारचौघांत सांगायचं न्हाई ते तिथं सांगायचं. ल्हानपणी मीच शिकवलं होतं त्याला. मी म्हणलं, आज काय इकायलास बाबा? त्यानं टॉवेलाखाली हात घातला, पण एक बोट दाबलं न्हाई. निस्ता हात धरून ठिवला. घट्ट.

म्हणला, "अप्पा, तुम्ही राजशेखरबद्दल जे म्हणलाव ते त्याच्यात न्हाई. माझ्यात हाय."

मी म्हणलं, काय बी बोलू नको, तुझ्याकडं बघितलं तर...

म्हणला, "बत्तीस वर्षं बघायलाव की, अप्पा."

...

खोटं सांगत न्हाई. दोन दिवस मी त्याच्याशी बोललो न्हाई. पहिल्या दिवशी राग होता. दुसऱ्या दिवशी ती गाडी आठवली. मी मागं पाय पसरून काय काय बोललो, हसलो, अन् ते सगळं माझं लेकरू स्टेअरिंग धरून ऐकत होतं, खड्डे चुकवत होतं, मला धक्का बसू नये म्हणून. अन् बाजूला व्यंकट! अहो व्यंकट! आठ वर्षं झाली, दर सोमवारी आमच्या घरी जेवायला. दोघं एका ताटात जेवतेत. मी अख्ख्या गावाला सांगायचो, दोस्ती असावी तर अशी. आता दात न बघता बैलाचं वय सांगणारा माणूस मी, अन् हे आठ वर्षं माझ्या डोळ्यासमोर, माझ्याच भाकरीवर.

बायकोला सांगावं तर कसं? दोन दिवस शब्द जुळवले. शेवटी चुलीपाशी बसून म्हणलं, गंगव्वा, आपल्या रेवणसिद्धचं असं असं हाय. ती भाकरी थापायली होती, थापतच राहिली. म्हणली, "चार वर्षं झाली मला म्हाईत हाय."

म्हणलं, तुला कसं कळलं? चालीवरून? बोलण्यावरून? मला दिसलं न्हाई, तुला काय दिसलं?

म्हणली, "मला बी काय दिसलं न्हाई. लग्नाचा विषय निघाला की लेकरू जेवत नव्हतं. म्हणून जवळ बसवून इचारलं. त्यानं सांगितलं."

बघा. एवढंच. इचारलं म्हणं!

तिसऱ्या दिवशी मी रेवणसिद्धला जेवायला बाजूला बसवलं. लई बोलता येत न्हाई मला असलं. म्हणलं, सोमवारी व्यंकट आला न्हाई का रे? म्हणला, तुम्हाला चालंल का न्हाई म्हणून आला न्हाई. म्हणलं, बोलव त्याला, तुझी आई तूप कुणाच्या भाकरीवर घालणार? पोरगा खाली मान घालून जेवायला लागला. दोन भाकरी जास्त खाल्ल्या. बाप म्हणून सांगतो, तेवढं मात्र मला निस्तं बघून कळलं.

मग बहिणीकडं गेलो. भावकी जमलेली. तिथं लेकराचं नाव कसं घेऊ? त्याची गोष्ट हाय, तो सांगंल तवा सांगंल. मग सगळ्यायसमोर म्हणलं, राजशेखरच्या बाबतीत माझी नजर चुकली, मला वळखू आलं न्हाई. बोललो अन् एकतीस वर्षांचं नाव तिथंच खाली ठिवलं. शिवलीलाचं लग्न राजशेखरशीच झालं. मामा म्हणून मीच तिला मांडवात नेलं. राजशेखरनं पाया पडून हळूच इचारलं, "मामा, तुम्हाला माझ्यात काय दिसलं होतं हो?" म्हणलं, गुलाबी कुडता.

आता हे तुम्हाला सांगायलोय, ते रेवणसिद्धला इचारून बरं का. म्हणला, सांगा अप्पा, लोकायला कळू द्या आता.

तर गेल्या बाजारची गोष्ट. तिप्पण्णा एक खोंड घेऊन आला, म्हणला, मल्लण्णा, चुकला तर चुकला, एकदा निस्तं बघून सांगा, हा गरीब हाय का मारका? मी खोंडाकडं बघितलं. खोंडानं माझ्याकडं बघितलं. जीभ वळवळली हो, सवयच ती. पण म्हणलं, तिप्पण्णा, मला नको, त्यालाच इचार की.

तवापासून लोक डोळ्याच्या डॉक्टरचं नाव घेईनात. दुसऱ्याच डॉक्टरचं सांगायलेत, डोक्याच्या. जातो म्हणलं. जायचंच हाय तर जातो... फकस्त त्याला आधीच सांगणार हाय, साहेब, निस्तं बघून काय बी लिहू नका, आधी मला इचारा.