बाविसाव्या मजल्यावरची सोय

आईशप्पथ सांगतो, यातला शब्द न् शब्द खरा आहे... म्हणजे गोष्ट खरी आहे, शब्द माझे आहेत, आणि मजले बावीस होते की वीस ते विचारू नका!

तर तो क्रेनवाला. बांधकामावर ती उंच क्रेन असते ना, तिच्या टोकाच्या खोलीत दिवसभर एकटा बसायचा. हात असा सफाईदार, की खाली मांजर झोपलेलं असलं तर सळ्यांची मोळी शेजारी ठेवेल, मांजर कूस बदलणार नाही. पण पोट! खालून कुणी नुसतं "घाई आहे रे" म्हटलं की पोटात मुरडा! आणि उतरायला शिडी, वीस मिनिटं! तुम्हीच सांगा, पोट वीस मिनिटं थांबतं होय?

तपासण्या झाल्या. रक्त झालं, नळी झाली, ती कुठून घातली ते जाऊ दे... रिपोर्ट नॉर्मल!

मग धास्तीच बसली. घाबरला की पोट बिघडायचं, पोट बिघडलं की हा घाबरायचा. चहा सोडला, न्याहारी सोडली, मेव्हणीच्या लग्नात एकाही फोटोत नाही, कारण गडी संडासाच्या दाराशी खुर्ची टाकून बसलेला! बायको रडकुंडीला: "अहो, हसत नाही, झोपत नाही, काय होतंय तुम्हाला?" तर म्हणतो, "काही नाही गं. रिपोर्ट नॉर्मल!"

आणि आमचा मुकादम? कमरेवर हात: "सगळं तुझ्या मनात आहे! मनाला सांग, गप बस! पुन्हा काम टाकून उतरलास तर कायमचा उतरवीन!" आता याला क्रेनशिवाय दुसरं येतं काय?

शेवटी बायकोने ओढत मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाई म्हणाल्या, "आजार खरा आहे हो. पोट आणि डोकं म्हणजे एका घरातल्या जावा. एकीने भांडं आपटलं की दुसरी दार आपटते. दोघींची समजूत काढू. आणि सोय जवळ आहे एवढं कळलं ना, तरी बरीच धास्ती उतरेल." गडी बाहेर येऊन भिंतीला टेकून ढसाढसा रडला. दोन वर्षांत पहिल्यांदा कुणी 'खरा' म्हणालं!

सोय जवळ! साइटवर प्लास्टिकचा संडास होता, उचलून नेता येणारा, वर चार कड्या. याने ठरवलं, मुकादम जेवायला गेला की तो उचलायचा आणि थेट आपल्या खोलीशेजारच्या मजल्यावर ठेवायचा. खाली साखळ्या अडकवायला मी. वॉकीटॉकीवर विचारतो, "रिकामा आहे ना रे?" म्हटलं, "रिकामा!" दार वाजवलं होतं मी... म्हणजे, दाराकडे पाहिलं होतं.

निघाला संडास डुलत डुलत... सहावा, दहावा, चौदावा... आणि आतून बोंब, "अरे कोण हलवतंय रे!"

मुकादम! जेवणाआधी मोकळा व्हायला गेलेला!

आणि क्रेनवाल्याचं पोट? गार! नोकरी गेलीच होती, आता भ्यायचं कशाला? संडास खिडकीसमोर आणून थांबवला, आणि बाईंनी शिकवलेलं शांतपणे सांगतो, "मुकादम, चार मोजत श्वास घ्या, सहा मोजत सोडा." आतून, "अरे पोटात कळ आली रे!" हा म्हणतो, "मग योग्य जागी आहात. घ्या श्वास." आणि मग असा अलगद उतरवला, जसं झोपलेलं पोर पाळण्यात ठेवावं!

मुकादम बाहेर आला, चौकट धरून उभा, तोंड पांढरंफटक. म्हणाला, "हा वर नेऊन ठेवा... आणि खाली दुसरा मागवा. आजच."

नोकरी वाचली! आता आठवड्यातून एकदा दोघं बाईंकडे जातात, जोडीने. मुकादमाने आधी सगळ्या तपासण्या करून घेतल्या म्हणे. रिपोर्ट नॉर्मल!

कामावरून काढलं ते फक्त मला. तेव्हापासून कुठे काम मागायला गेलो, की मालक "बसा" म्हणायच्या आत माझ्याच पोटात... हे बघा! नुसतं सांगितलं तर सुरू झालं! ह्या कोपऱ्यावरच्या संडासाचं दार नाणं टाकल्याशिवाय उघडत नाही. हसलात ना पोट धरून? मग काढा... नोट नको हो, नाणं! नाणं!