शून्यापासून उठणारी पेटी

मंडळी, एक सांगा. चालता चालता बंद पडलेल्यानं पुन्हा उठावं कसं? होता त्याच जोरात? की पहिल्यापासून?

ऐका तर! साताऱ्याच्या एमआयडीसीत विनया साळसकर नावाची इंजिनिअर. आईच्या आजारपणात दोन वर्षं घरी होती, नुकतीच परतलेली. काम काय? दवाखान्यात तान्ह्या बाळांना ऊब देणारे पाळणे असतात ना, त्यांना वीज पुरवणारी पेटी बनवायची. पेटीत एक मोठा कपॅसिटर — विजेची टाकीच म्हणा! आणि ती टाकी भरणारा कंट्रोलर. तो एकदम वीज ओढत नाही हं! आधी थोडी, मग जास्त. याला म्हणतात सॉफ्ट स्टार्ट. तुम्ही कीर्तनाला येता तसाच — सावकाश!

एके दिवशी दवाखान्यातून सिस्टरचा फोन. "मॅडम, लाइट क्षणभर गेली, परत आली — आणि पेटी फट्ट! पाळणा गार पडलाय. बाळाला आईच्या छातीशी धरलंय, पण किती वेळ?"

मालक बेलसरे तापले. "इथं तर रोज चालत होती!"

विनयानं तशीच दुसरी पेटी लावली. चालू केली — झकास. बटण बंद, लगेच चालू — फट्ट! तेव्हा तिला उमगलं. लाइट क्षणभर गेली की टाकी रिकामी होते. पण कंट्रोलरला वाटतं, आपण अजून भरातच आहोत! म्हणून पूर्ण जोरानं ओढतो आणि जळतो.

"साहेब, चूक माझी. मी दर वेळी बराच वेळ बंद ठेवलेली, थंड पेटीच तपासली. अशी लगेच बंद-चालू करून तपासायचं सुचलं होतं, पण कुणाला विचारायची लाज वाटली. म्हटलं, हिला पुन्हा शिकवावं लागतं म्हणून हसतील."

बेलसरे म्हणाले, "आता काय करायचं?"

"वीज गेली की कंट्रोलरनं मागचं सगळं विसरायचं. दर वेळी शून्यापासून."

"उशीर होईल की!"

"डोळ्याची पापणी लवेपर्यंत, साहेब."

तिनं नवा कंट्रोलर बसवून तसं केलं. बटण खालीवर, खालीवर — पेटी दर वेळी हळूच उठली! पेटी घेऊन ती स्वतः दवाखान्यात गेली. पाळणा तापला, बाळ आत निजलं. मग कुठं विनया भिंतीला टेकून रडली.

आता तुमच्याकडे वळतो! हसू नका! रिटायर झालेले साहेब घरात अजून हुकूम सोडतात की नाही? आणि तुम्ही, मागे बसलेले — भावाशी बोलणं बंद पडलंय ना? आज फोन करा. पण पहिल्याच वाक्यात बांधाचा वाद काढू नका, जळेल सगळं! "जेवलास का?" एवढंच विचारा. आणि तो नुसतं "हो" म्हणाला, तरी आजच्यापुरतं पुरे म्हणा. चला, हात जोडा — त्याचा चेहरा डोळ्यांपुढे आणून घ्या देवाचं नाव!