तिसऱ्या खेपेला

नाही, ती खुर्ची नको मानांग, तिचा एक पाय हलतो — इकडे पलंगावर बसा. आणि मॅडम कशाला म्हणताय, वयानं मोठ्या आहात तुम्ही, सरळ इंदाय म्हणा. भिंती अशा बोडक्या कशा म्हणून बघताय ना? सांतो निन्योची, बाळ येशूची तसबीर, कॅलेंडर, माझ्या भावाचा, टोटोचा जहाजावरचा फोटो, सगळं काढून स्वयंपाकघरात ठेवलंय. परीक्षेचा नियम तसा आहे — भिंतीवर काही नको, टेबलावर काही नको, खोलीत दुसरं माणूस नको. परीक्षा घरीच, या लॅपटॉपवर, पण पलीकडून एकजण कॅमेऱ्यातून बघत बसतो. कुठल्या देशात बसलेला असतो देव जाणे. प्रश्न पुटपुटत वाचला तरी तंबी देतो. ओठ हलवायचे नाहीत म्हणे. आणि मी अशी, की मोठ्यानं बोलल्याशिवाय माझ्या डोक्यात काही शिरतच नाही.

कसली परीक्षा — आता कसं सांगू? आमच्या कंपनीत हॉटेलांच्या खोल्यांचं बुकिंग चालतं. त्याची सगळी यंत्रं तळमजल्यावरच्या थंडगार खोलीत होती, मी बघायचे ती. आता ती काढून टाकतायत, सगळं भाड्याच्या यंत्रांवर जाणार, सिंगापूरला कुठंतरी. क्लाउड म्हणतात त्याला, म्हणजे ढग. नानायला, आईला सांगितलं, नानाय, आमचं सगळं काम आता ढगात जाणार — तर तिनं खिडकीतून वर बघितलं आणि म्हणाली, मग कपडे आत घे. हसा, मीही हसले. तर त्या क्लाउडचं सर्टिफिकेट लागतं. ते मिळालं तर माझं दिवसाचं काम राहील. नाही तर रात्रपाळी, अमेरिकेतल्या गिऱ्हाइकांचे फोन घ्यायचे. आणि रात्री तर ही जागी असते, दार उघडून रस्त्याला लागते. एकदा जारोच्या चर्चपाशी सापडली, अनवाणी. टोटो समुद्रावर. तो पैसे पाठवतो, नाही म्हणत नाही मी — पण पैसे काही तिचा हात धरून बसत नाहीत. पुस्तकात पहिल्याच धड्यात लिहिलंय, कुठलंही काम एकाच यंत्राच्या भरवशावर ठेवू नका, ते बंद पडलं की सगळं बंद. वाचलं आणि पुस्तक मिटून भांडी घासायला गेले.

वहिनीनं काय सांगितलं तुम्हाला? नानायनं दोनदा परीक्षा मोडली म्हणून? हो. तसंच झालं. म्हणजे — पहिल्यांदा तसंच झालं. अर्धी परीक्षा झाली होती, चांगली चालली होती, आणि ही दार ढकलून आत आली, हातात केळं. खा म्हणाली, सकाळपासून पोटात काही नाही तुझ्या. झालं, पडद्यावर लाल अक्षरं, परीक्षा रद्द. मी तिच्या हातातलं केळं — जाऊ दे. ओरडले खूप. ती घाबरून भिंतीला टेकून उभी राहिली, आणि मला म्हणते, बाई, तुम्ही कोण, माझ्या मुलाला बोलवा. तिला टोटोच आठवतो ना. मी जेवायला घालणारी बाई. रोज अंघोळ घालते तर रोज विचारते, तुमचं घर कुठं बाई, उशीर होईल तुम्हाला.

म्हणून दुसऱ्या खेपेला आतून कडी लावली. तिला शेजाऱ्यांकडे बसवलं होतं, पण आली निघून. दार वाजवायला लागली. मी म्हटलं वाजव, कडी पक्की आहे. टोटो, टोटो करत होती, मी पुढचा प्रश्न वाचला. परत वाजवलं, मी वाचत राहिले. थोडं राहिलं होतं मानांग, अगदी थोडं. आणि मग तिनं नेने म्हणून हाक मारली.

नेने मी. घरात मला नेने म्हणतात — म्हणायचे. तात गेले, आता म्हणणारी तीच, आणि तिच्या तोंडून ते नाव कधी ऐकलं होतं मला आठवत नाही. नेने, दार उघड गं, बाहेर अंधार पडला. भर दुपार होती. मी उठले. कोणी मोडली नाही परीक्षा, मीच उठले. कॅमेऱ्यातला माणूस काहीतरी म्हणत होता, मी कडी काढली. पण तोवर — तोवर गेलं होतं सगळं. माझ्याकडे बघून हसली, पाणी द्या हो बाई, म्हणाली.

ऑफिसात सांगितलं, आईनं मोडली. वहिनीलाही तेच. त्यांना पटतं ते. उठले असं सांगितलं तर म्हणतील, मग तुला नोकरी नकोच आहे. हवीय ना. हवीय म्हणूनच तर तुम्हाला बोलावलं. यापुढची खेप कंपनी देणार नाही.

तर ठरल्याप्रमाणे तिला प्लाझात न्या, सावलीत बसवा, बाचॉय खायला घाला, नूडल मात्र बारीक तोडून द्या. दुपारपर्यंत येऊ नका. ती बघा, चपला घालून तयारच बसलीय. किती शहाण्यासारखी बसलीय.

थांबा मानांग. नको. नका नेऊ प्लाझात. इथंच बसा, बाहेरच्या बाकावर, तिच्याशी बोलत राहा. टोटोबद्दल विचारा, खूप सांगते. म्हणजे — तिनं हाक मारली तर मला ऐकू येईल. हो, कळतंय मला, त्यासाठीच तर तुम्हाला पैसे देतेय, की ऐकू येऊ नये. माहितीय. पण ती हाक मारेल आणि मी घरात असून — नाही. तुम्ही अडवू नका तिला, मारू दे. उठायचं की नाही ते मी बघेन.

कॅमेऱ्याचा दिवा लागला. आला तो. जा आता, दार ओढून घ्या. नाही, काही बोलू नका — मलाही आता बोलता