तुटक रेघ कुणी काढली?

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या वास्तुरचनेच्या कचेरीचे मालक आदरणीय बिपिनभाई अमीन, व्यासपीठावर विराजमान असलेले प्रमुख पाहुणे बिल्डर रश्मिकांतभाई, सत्कारमूर्ती कुंजलताबेन भावसार, आणि समोर बसलेले सहकारी, स्नेही व कुटुंबीय, आपणा सर्वांना या जिगीश पंड्याचा सविनय नमस्कार.

मला पाच मिनिटं दिली आहेत आणि ‘गोड बोल’ असं बजावलंय. गोड काय, जेवणात मोहनथाळ आहेच. मी जरा दुसरं बोलतो.

निमंत्रणपत्रिकेवर छापलंय, ‘प्रकृतीच्या कारणास्तव स्वेच्छानिवृत्ती’. कुणाची प्रकृती? गेल्या महिन्यात लिफ्ट बंद होती, तेव्हा बेन सहा मजले चढून आल्या. त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान असलेला मी चौथ्या मजल्यावर कठडा धरून धापा टाकत होतो. हसा, हसा. मला मात्र हसू येत नाही, कारण ही पत्रिका धादांत खोटी आहे.

बेन इमारतीची पहिली कल्पना कागदावर काढायच्या. भिंती, खांब, नळ, हे सगळं पुढचं. त्याआधी ही जागा कुणाची, कुठून यायचं, कुठे टेकायचं, हे ठरवणारा पहिला कागद त्यांचा. आणि त्यांचा नियम असा, की सात दिवस जागेवर बसल्याशिवाय पेन्सिल उचलायची नाही. घडीचं स्टूल आणि खाखऱ्यांचा डबा घेऊन त्या जायच्या. मी नवा असताना विचारलं होतं, “बेन, नकाशा आहे की, मग ऊन कशाला खायचं?” त्या म्हणाल्या, “पहिली रेघ लोकांच्या पायांनी मारलेली असते, भाई. आपण नुसती गिरवायची.”

सरसपूरच्या बंद गिरणीच्या जागेवरही त्या अशाच सात दिवस बसल्या. खाली दुकानं, मध्ये कचेऱ्या, वर घरं, असं ते संकुल. त्या जागेतून शेजारच्या चालीतल्या, म्हणजे गिरणी कामगारांच्या चाळीतल्या, बायका दवाखान्यात जातात, पोरं शाळेत जातात. ती वाट बंद झाली तर रेल्वेच्या फाटकावरून अर्ध्या तासाचा वळसा. तिथल्या रेवाबेन रोज बेनना चहा आणून द्यायच्या. एक दिवस त्यांनी कागदावर बोट ठेवून विचारलं, “आमची चाल तर कोपऱ्यात दिसते. आम्ही चालायचं कुठून?” बेननी तिथेच, त्यांच्यादेखत, जाड पेन्सिलीने संकुलाच्या मधोमध वाट काढली. सरळ, ठसठशीत, सलग.

रश्मिकांतभाई, तुम्हाला ती वाट फार आवडली होती ना? महापालिकेत तुम्हीच छाती पुढे काढून सांगितलंत, “जनतेसाठी खुला रस्ता!” टाळ्या मिळाल्या, पहिली मंजुरी मिळाली. आणि आठ दिवसांत तुमचे मॅनेजर माझ्या टेबलाशी आले. “जिगीशभाई, रस्ता राहू द्या, आम्ही कुठे नाही म्हणतो? फक्त रेघ तेवढी तुटक करा. अजून कल्पनाच आहे ना?”

आमच्या धंद्यात तुटक रेघेचा अर्थ सगळ्यांना कळतो. जमलं तर करू, नाहीतर सोडून देऊ. पुढच्या नकाशात त्या वाटेवर काचेचं दार आलं. त्याच्या पुढच्यात मोटारींचा उतार आला, चौकीदाराची खोली आली. आणि जाहिरातीचं चित्र पाहिलंत? त्यात गोऱ्या बाईला कुत्रा फिरवायला जागा आहे. रेवाबेनना नाही! लाज वाटायला हवी आपल्याला!

माइक चालू राहू द्या. अध्यक्षमहोदय, आपण पाणी घ्या, माझं अजून व्हायचंय.

बेननी बैठकीत विचारलं, “वाट कुठे गेली?” तेव्हा आपण, बिपिनभाई, काय म्हणालात? “बेन, वाट होतीच कुठे? तुटक रेघ होती. आणि कागदावर नाव तुमचंच आहे.” आमच्याकडे रीत आहे, पहिल्या टप्प्याचा कागद कुणीही काढो, तो बेनच्या नावाने बाहेर जातो. त्या रीतीचा तुम्ही फास केलात. बेन म्हणाल्या, मी महापालिकेच्या सुनावणीत खरं सांगेन. पंधरा दिवसांत कचेरीत कुजबुज सुरू झाली, “वय झालं, हात कापतो, रेघ तुटते.” चालीतही तेच पोहोचवलं गेलं. ज्या बाईने चहा पाजला, तिने बेनना तोंडावर विचारलं, “तुम्हीच आमची वाट पुसलीत?” बत्तीस वर्षांच्या नोकरीचा हा नारळ!

आणि त्या बैठकीत बेनच्या शेजारच्या खुर्चीवर कोण बसलं होतं? मी. ती तुटक रेघ कुणी काढली? मी. मॅनेजरचा आग्रह मोडवेना, आणि ‘कल्पनाच तर आहे’ ही पळवाट हाताशी होती. बेनना कळायच्या आत मी कागद पाठवून दिला. मग चार महिने तोंडात मिठाची गुळणी धरून बसलो. रागावलोय मी या व्यासपीठावर, पण सगळ्यात जास्त रागावलोय तो या माइकमागच्या माणसावर.

बुधवारी अकरा वाजता महापालिकेत अंतिम सुनावणी आहे. बेनचा सलग रेघेचा कागद आणि माझा तुटक रेघेचा, दोन्ही तारखांसकट माझ्याकडे आहेत. काल मी चालीत जाऊन रेवाबेनना ते दाखवले. त्यांनी मला चहा विचारला नाही, बरोबरच केलं. पण बुधवारी येते म्हणाल्या, आणि चालीतल्या चाळीस बायकांना घेऊन येते म्हणाल्या. माझी नोकरी राहील की जाईल, ते बिपिनभाईंनी ठरवावं. माझं लेखी निवेदन सहीनिशी तयार आहे.

आयोजकांचे, आचाऱ्यांचे आणि माइक बंद न करणाऱ्या भाईंचे मनापासून आभार. बोलण्याच्या भरात काही कमीजास्त झालं असेल, तर सभागृहाने मोठ्या मनाने पोटात घालावं. कुंजलताबेन, तुम्ही मात्र मला माफ करू नका. निदान बुधवारपर्यंत तरी नाही.