बसमध्ये घसरलेलं हाड

दीक्षा : मी आत जाणारच नाही! मम्मी, टॅक्सी बोलाव. यिशुनला, घरी परत जाऊया.

एकता : अगं, शाळेच्या गेटपाशी येऊन काय परत जायचं? प्रदर्शन आता सुरू होईल. झालं तरी काय?

दीक्षा : माझ्या काचेच्या टाकीत बघ ना! बसने ब्रेक मारला तेव्हा वाळूचे सगळे थर हलले. मेंढीचं हाड खाली गेलं.

गणपत : बघू. चष्मा लावू दे... अरेच्चा! वरच्या थरातून थेट तळमजल्यावर उतरली की ही मेंढी!

एकता : बाबा, चेष्टा नका करू. रडतेय ती.

दीक्षा : खालचा थर शिकारी लोकांचा आहे, आजोबा. दगडी हत्यारं, हरणाची हाडं. त्यांच्याकडे मेंढ्या नव्हत्याच. मेंढपाळ नंतर आले. त्यांची मडकी, शेण, मेंढी, सगळं वरच्या थरात. आता माझा आख्खा आफ्रिकेचा प्रोजेक्ट राँग झाला!

एकता : मग काढ ना वर. कॅन्टीनमधून चमचा आणते.

दीक्षा : चमचा घातला की वाळू मिक्स होईल ना!

एकता : बरं, मग तिथे काचेवर नावाचा कागद चिकटव. झाकलं जाईल. कोण बघतंय?

गणपत : एकता, जरा थांब. दीक्षा, मला सांग, मेंढी मूळची आफ्रिकेतली का?

दीक्षा : नाही. पाळीव मेंढीचे रानातले पूर्वज तिथे नव्हतेच. म्हणून एक हाड सापडलं तरी कळतं, कुणीतरी बरोबर आणली.

गणपत : आणि दक्षिण टोकाला पोचायला हजारो वर्षं का लागली?

दीक्षा : वाटेत त्सेत्से माशी होती. ती चावली की जनावरं आजारी पडून मरायची. पण आजोबा, हे सगळं पाठ आहे मला!

गणपत : आहेच. पण लायब्ररीच्या पुस्तकातलं गुहांचं पान आपण सोडलं होतं.

दीक्षा : तुम्हाला झोप आली होती.

गणपत : बरं बाई, मला. दुसऱ्या दिवशी वाचलं मी ते. दक्षिणेकडच्या काही गुहांत मेंढीची हाडं बऱ्याच जुन्या थरात सापडली. खणणारे सगळे खूश, मेंढ्या इतक्या लवकर पोचल्या म्हणून! पुढे कुणीतरी त्या हाडांचंच वय काढलं. काही हाडं थरापेक्षा शेकडो वर्षांनी लहान निघाली.

दीक्षा : म्हणजे वरून खाली गेली होती? बसशिवाय?

गणपत : उंदीर बिळं करतात, माणसं खड्डे खणतात, पायाखाली वाळू सरकते. एवढंसं हाड, त्याला कितीसा धक्का लागतो?

दीक्षा : मग माझी टाकी... खऱ्या गुहेसारखी झाली?

गणपत : ते तू ठरव. झाकायला कागद माझ्या खिशात आहे. हवा तर देतो.

दीक्षा : नको. मम्मी, टाकीची ती बाजू धर. हळू हं!

(थोड्या वेळाने, शाळेच्या हॉलमध्ये.)

एकता : मॅडम किती वेळ उभ्या होत्या गं तुझ्या टेबलापाशी! काय म्हणाल्या?

दीक्षा : म्हणाल्या, हे हाड चुकीच्या थरात आहे. मग म्हटलं, येस मॅडम, बसमध्ये घसरलं. पण गुहांतही असंच झालं होतं. म्हणून थर बघायचा, आणि हाडाचं वयही तपासायचं.

गणपत : वा! मग बक्षीस?

दीक्षा : माहीत नाही. त्या म्हणाल्या, लहान वर्ग इकडे पाठवते, त्यांनाही असंच सांग.

एकता : बाबा, मी तर झाकून टाकणार होते. नागपूरहून आलात ते किती बरं झालं. थँक्यू.

गणपत : माझे कसले आभार? त्या गुहांतली वाळू चाळणाऱ्यांचे मान. मेंढ्या लवकर पोचल्या हे उत्तर त्यांना आवडलं असणार. तरी चुकलं म्हटल्यावर सोडून दिलं त्यांनी.

दीक्षा : आजोबा, आली ती मुलं! इतकी? तुम्ही जाऊ नका हं कुठे.

गणपत : मी काय बोलू त्यांच्याशी?

दीक्षा : काही नाही. मी बोलते. तुम्ही फक्त इथे, माझ्या बाजूला उभे राहा.

गणपत : राहिलो.