बाटली फोडल्यावर चार तास

मीराबाई: ते कोपऱ्याचं वाक्य पुन्हा वाच.

संघमित्रा: 'जगाच्या शेवटच्या कोपऱ्यातल्या शेवटच्या बाळाला लस मिळेपर्यंत आम्ही खेळाडू थांबणार नाही.' कसं वाटतं, मावशी? तिकडे इंग्लिशमध्ये बोलायचंय, पण अर्थ हाच.

मीराबाई: छान आहे. हा शेवटचा कोपरा म्हणजे किती लांब गं?

संघमित्रा: लांबच. आफ्रिका, डोंगराळ भाग, असा कुठलातरी.

मीराबाई: दोन जिने उतरून नळाच्या डावीकडे, तो धरलाय का त्यात?

संघमित्रा: तू परत भिवाकाकांवर आलीस.

मीराबाई: परत कुठली? गुरुवारपासून मी तिथेच आहे.

संघमित्रा: मावशी, मंगळवारी माझी फ्लाइट आहे. जिनिव्हाला, लसीच्या मोहिमेसाठी. बारा देशांचे बारा खेळाडू, त्यात भारताची मी एकटी. क्रिकेटवाला नाही, कबड्डीवाली, आणि तीही घोडपदेवची. तुला आनंद नाही झाला?

मीराबाई: झालाय म्हणून तर चहात साखर जास्त पडली. पी गपचूप. बाकीच्या अकरा जणांनी पण तुझ्यासारखं आपापल्या दवाखान्यात जाहिरातीचं शूटिंग केलं का?

संघमित्रा: हो, ज्याने त्याने आपल्या मोहल्ल्यात. तोच तर कन्सेप्ट आहे.

मीराबाई: मग बारा बाटल्या धरायच्या.

संघमित्रा: कसल्या बाटल्या?

मीराबाई: तुला खरंच कोणी सांगितलं नाही?

संघमित्रा: काय सांगायचंय?

मीराबाई: ऐक. गोवरची लस पावडर असते. त्यात पाणी घातलं की चार तास टिकते, मग फेकून द्यायची. एका बाटलीत दहा पोरांचे डोस. म्हणून मी आदल्या दिवशी दारोदार फिरते, दहा पोरं जमवते, ती बाकावर येऊन बसली की मग राधा सिस्टर बाटली फोडतात. अठरा वर्षं हेच करतेय. गुरुवारी दहा जमवली होती. तुझ्या त्या टोपीवाल्या डायरेक्टरला बाटली फोडतानाचा क्लोजअप हवा होता. सव्वानऊला फोडली.

संघमित्रा: मग दिली असेल ना पोरांना. मी स्वतः एका बाळाला मांडीवर घेऊन बसले होते.

मीराबाई: ते जाहिरात एजन्सीचं बाळ. वांद्र्याहून आणलेलं, एसी गाडीतून. त्याचे सगळे डोस कधीच झालेत, त्याच्या आईने मला फाइल दाखवली, प्लास्टिकच्या कव्हरातली. त्याला नुसती सुई दाखवत होते आणि ते हसत होतं. हसणारंच पाहिजे होतं ना. आमची रडत होती, म्हणून त्यांना जिन्यात बसवलं.

संघमित्रा: आणि ते टेबल?

मीराबाई: टेबल तुमच्या लाइटखाली. सिस्टरच्या खुर्चीवर तू. सव्वा वाजला तशी राधा सिस्टरने बाटली उचलून कचऱ्याच्या लाल पिशवीत टाकली. त्या दिवसापुरती एवढीच मागवलेली. दहाच्या दहा पोरं परत गेली.

संघमित्रा: चार तास शूटिंग चाललं?

मीराबाई: तूच सांग का चाललं ते.

संघमित्रा: तो एक शब्द अडत होता. इक्विटेबल. तोंडातच बसेना. मोठा गुरू असल्यासारखा तो एजन्सीचा अभय सांगत होता, 'ताई, अगेन.' सतरा टेक झाले.

मीराबाई: त्याचा अर्थ काय?

संघमित्रा: समन्यायी.

मीराबाई: हे तर त्याहून अवघड.

संघमित्रा: म्हणजे कोणाला जास्त नाही, कोणाला कमी नाही. सगळ्यांना सारखं.

मीराबाई: मग खरं आहे. दहाही जणांना सारखंच मिळालं. काहीच नाही.

संघमित्रा: नको ना असं बोलूस. थांब, त्याचाच फोन आहे. हां, बोल अभय. नाही, घरीच आहे, मावशीकडे. सोमवारी? अकरा वाजता प्रेस, माहितीये मला. साडी नको, ट्रॅकसूट घालते. कोण? मावशीला पण आणायचंय? 'ग्राउंड वॉरियर' म्हणून? तिला विचारते. अभय, ऐक ना, गुरुवारी ती बाटली वाया गेली हे तुला माहीत होतं? फुटेजमध्ये दिसत नाही, बरोबर आहे. मी दिसण्याचं नाही विचारत. बरं. बरं, नंतर बोलू.

मीराबाई: काय म्हणाला?

संघमित्रा: म्हणाला, मोठं चित्र बघा.

मीराबाई: बघितलं. बसस्टॉपवर लावलंय, तुझ्या डोक्याएवढी माझी खोली आहे.

संघमित्रा: मावशी, ती बाकीची नऊ पोरं?

मीराबाई: ती येतील पुढच्या गुरुवारी. त्यांच्या आयांना मी ओळखते, शिव्या घालतील आणि येतील. भिवा नाही येणार. त्याच्या नातीला दीड महिन्याची सुई दिली तेव्हा ताप भरला, तेव्हापासून त्याने दार बंद केलं. सून तयार, मुलगा तयार, पण त्या घरात म्हाताऱ्याचा शब्द. चार महिने रोज उतरत होते मी. शेवटी म्हणाला, संघमित्रा येणार असेल तर आणतो. इस्त्रीचा शर्ट घालून आला होता गं तो. पोरीला काजळ लावून.

संघमित्रा: मी त्यांना बघितलंसुद्धा नाही.

मीराबाई: त्याने तुला बघितलं, जिन्यातून. पलीकडच्या खोलीतल्या साळव्यांच्या पोराला परवा गोवर निघालाय, अंगभर. मधे एक भिंत आहे. मी काल उतरले तर म्हणाला, तुमची बाटली फोटोसाठी होती, फोटो झाला, आता जा.

संघमित्रा: मला गल्लीत खडूने रेषा आखून त्यांनीच शिकवलं. दम कसा धरायचा, हात कुठे मारायचा. आणि तिथे कोणीच बोललं नाही? सिस्टर नाही, तू नाही?

मीराबाई: सिस्टरच्या बाजूला दवाखान्याचे मोठे साहेब उभे होते.

संघमित्रा: आणि तू?

मीराबाई: मी बघत होते घड्याळ.

संघमित्रा: म्हणजे?

मीराबाई: साडेअकरा बघितले, साडेबारा बघितले. मला सगळ्यात आधी कळत होतं. एकदा तोंड उघडलं होतं, तेवढ्यात तुझा शब्द जवळजवळ नीट आला. वाटलं, आता मधे बोलले तर पोरीचं बिघडेल. नवी साडी नेसून उभी होते गं मी, सगळ्यांना सांगत होते, माझी भाची आहे. दुसऱ्या कोणाचं शूटिंग असतं तर मी ते लाइट उचलून बाहेर ठेवले असते. तुझं होतं म्हणून गप्प बसले. गुरुवारपासून तुझ्यावर चिडतेय, पण खरी लाज मला माझीच वाटते.

संघमित्रा: गोवरची लस फक्त गुरुवारीच मिळते का?

मीराबाई: आपल्या दवाखान्यात गुरुवारी. मोठ्या इस्पितळात रविवार सोडून रोज मिळते. आठला खिडकी उघडते, रांग मोठी असते. अकरा-बारा वाजतात.

संघमित्रा: सोमवारी नेऊ या.

मीराबाई: सोमवारी अकराला तुझी प्रेस आहे.

संघमित्रा: बाकीचे अकरा जण आहेत ना, झूमवर. ते सांगतील लस किती महत्त्वाची ते. चल खाली. चहा राहू दे.

मीराबाई: तो भाषण ऐकून घेणार नाही हां.

संघमित्रा: मला तरी कुठे येतं.

(तळमजल्यावर, नळाच्या डावीकडे, भिवाच्या दारात.)

संघमित्रा: जय भीम, काका.

भिवा: जय भीम. उजेड अडवू नको, आत ये. का बाहेरूनच बरं दिसतं?

संघमित्रा: काका, गुरुवारचं चुकलं. मला बाटलीचं माहीत नव्हतं, पण तुम्ही आलात का, हे मी विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही.

भिवा: मीराबाईंनी शिकवून आणलं वाटतं.

मीराबाई: मी काय शिकवणार? मला सगळं माहीत होतं, तरी गप्प राहिले. तिच्यापेक्षा माझी चूक मोठी.

भिवा: हे बरं आहे. चार महिने माझी चूक होती, आता तुम्हा दोघींत वाटणी चाललीय.

संघमित्रा: सोमवारी मोठ्या इस्पितळात जाऊ. मी येते तुमच्याबरोबर.

भिवा: फोटोवाले?

संघमित्रा: नाहीत.

भिवा: तो टोपीवाला? मला म्हणाला, बाबा, जरा फ्रेमच्या बाहेर. या गल्लीतून मला अजून कोणी बाहेर काढलं नव्हतं.

संघमित्रा: तोही नाही.

भिवा: मग तू येऊन काय करणार?

संघमित्रा: रांगेत उभी राहणार.

भिवा: ताप आला तर?

मीराबाई: ताप येईल एखाद दिवस. येणार नाही असं मी तेव्हाही म्हणाले नव्हते. रात्री मी इथे बसेन, औषध घेऊन. साळव्यांच्या पोराचा ताप बघून आलात ना तुम्ही?

भिवा: आलो बघून. डोळे उघडत नाही ते. रात्रभर रडणं ऐकू येतं इकडे.

संघमित्रा: काका.

भिवा: तुला मी एक शिकवलं होतं. चढाईला कितीही लांब जा, पण दम संपायच्या आत आपल्या हद्दीत परत यायचं. तू परदेशात जाणार म्हणे?

संघमित्रा: मंगळवारी.

भिवा: जा की. सोमवार झाल्यावर जा. सातला ये, उशीर केला तर रांग फाटकापर्यंत जाते. आणि तो ट्रॅकसूट घालू नको, लोक ओळखतील, पुढे सोडतील. पुढे जायचं नाही.

संघमित्रा: नाही जाणार.

भिवा: खिडकीवर नाव विचारतात. तुझं नाही सांगायचं, पोरीचं सांगायचं. माहीत आहे का?

संघमित्रा: नाही, काका.

भिवा: मानसी. सोपं आहे, अडणार नाहीस.