तापेपर्यंत

गिटारच्या तारा घ्यायला आलेल्या मास्तरीणबाईंना घाई होती, पण रांगेत पुढे उभे असलेले नवरा-बायको काही केल्या हलेनात. काउंटरवर दुकानदाराने गिटारचा आवाज वाढवणारे, ट्यूबचे दोन जुने अ‍ॅम्प शेजारीशेजारी मांडले होते, एक काळा, एक तपकिरी. शेवटी बाईंनी घड्याळाचा नाद सोडला आणि कान टवकारले.

"काळाच घेतो. आवाज कसा खणखणीत आहे बघ!"

"आणि तपकिरी?"

"आवाज गोड आहे गं, पण भारी आळशी. बटण दाबायचं आणि आतल्या ट्यूब तापेपर्यंत ताटकळत बसायचं."

"आपला बिघडलाय तोही असाच होता ना?"

"अगदी तस्साच! म्हणून तर काळा म्हणतोय. हा झटकन तापतो. दाबलं बटण की लागलो वाजवायला."

"मग तपकिरीच घ्या."

"अगं, तुला त्यातलं काय कळतं?"

"काही कळत नाही. पण एकदा वाजवायला बसलात की घर डोक्यावर पडलं तरी तुम्हाला पत्ता नसतो."

"बरं, मग?"

"मग काय! तो तापेपर्यंतच काय ते माझ्याशी बोलता. कोण आलं, कोण गेलं, गुडघा कसा आहे, सगळं तेव्हाच विचारता."



"काय काका, कुठला बांधू?"

"थांबा हो जरा. या तपकिरीहूनही उशिरा तापणारा एखादा आहे का?"